गोट्यांचं कडं

आमच्या तेरुमा गावात वेशीवर उभा करायला मोठा दगड ओढून आणायचा ठरला की पहिली विचारणा एकच असायची, "झासेखो गावात आहे ना?" तो पाहुण्यांकडे, शेतावर, आजारी, कुठंही असला तरी त्याला आणलं जायचं. मग बाकीचं.

झासेखो माझा मामा. आईचा सख्खा भाऊ. बुटका, गुडघे बाहेरच्या बाजूला वळलेले, डाव्या हाताचं पहिलं बोट एका पेरानं कमी. ते पेर तरुणपणी वेलीच्या दोरात अडकून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दगडानं मुका घेतला." आवाज असा, की वरच्या खाचरातून हाक दिली तर खाली ओढ्यावर भांडी घासणाऱ्या बाया मान वर करायच्या. त्या आवाजावरच त्याचं सगळं आयुष्य चाललं. दगडापुढची ललकारी तो द्यायचा.

दगड ओढताना ओढणाऱ्यांची पाठ दगडाकडे असते. खांद्यावर दोर, मान खाली, समोर फक्त ललकारीवाला. दगड दिसतो तो एकट्या त्याला, कारण तो माणसांकडं तोंड करून उलटा चालतो. कुठं फांदी आडवी आली, कुठं दगडाखालचं लाकडी घसरगाडं कलंडतंय, हे त्यानं बघायचं आणि आवाजातून माणसांच्या पायांत उतरवायचं. चाळीस वर्षं हा माणूस डोंगरउतारावर मागं मागं चालला आणि एकदाही पडला नाही. एकोणीस दगड त्यानं असे आणले. त्यातला एकही त्याचा नव्हता.

स्वतःचा दगड उभा करायचा तर नवरा-बायकोनं मिळून आधी चार गावजेवणं घालावी लागतात, एकाहून एक मोठी. मामा आणि विलानुओमामीनं दोन घातली. तिसऱ्यासाठी बैल पोसला होता, पण त्या पावसाळ्यात माझी आई गेली. आमच्या घरी मातीला आलेल्या माणसांपुढं ठेवायला काही नव्हतं. मामानं दाव्यासकट बैल आमच्या अंगणात आणून बांधला आणि म्हणाला, "ताईला उपाशी वाटं लावायची का?" पुढं दुसरा बैल पोसला, तो कड्यावरून घसरला. मग वय झालं. चर्चनं दारूची जेवणं बंद केली. दोनाचं तिसरं काही झालं नाही.

पण दगड त्यानं हेरून ठेवला होता.

मी सव्वीस वर्षांचा होतो, गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालेलो. मामाबरोबर वेली तोडायला झुरा ओढ्याच्या वर गेलो होतो. तिथं आल्डरच्या झाडांमागं त्यानं मला नेलं. म्हणाला, "बघ. तुझ्या मामीशिवाय कुणाला दावला न्हाई."

व्यायला टेकलेली डुकरीण कुशीवर पडावी तसा तो दगड पडला होता. दोन पुरुष लांब, कडा बिनतुटक्या, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत एक पांढरी शीर. त्याच्याभोवती नदीतल्या गुळगुळीत गोट्यांचं कडं मांडलं होतं आणि वर गवताची गाठ. आमच्याकडं असं कडं दिसलं की माणूस आल्या पावली परत फिरतो. दगड पंचवीस वर्षं पडून राहो, मालक लुळापांगळा होवो, कड्यातल्या दगडाला दुसरा हात लावत नाही.

"सपन बी पडलं व्हतं," मामा म्हणाला. दगड हेरला की हेरणाऱ्यानं स्वप्नाची वाट बघायची असते. वाईट पडलं तर दगड सोडायचा. "आपल्या वरच्या खाचरात पाणी शिरलंय. आणि पाण्यात आई हुबी, पाय धूतीया. मला म्हणली, ये रं, पाणी कोमट हाय." सांगताना तो लाजला. "पौषाच्या थंडीत कोमट पाणी! एवढं चांगलं सपन गावात कुणाला पडलं न्हाई बघ."

दरवर्षी कापणी झाली की दोघं नवराबायको वर जाऊन दगडावरचं शेवाळ खरवडून यायची. सोबत डब्यात गलहो, म्हणजे भाजी घालून शिजवलेला पातळ भात, न्यायची, तिथंच खायची. बाकी गावाला वाटायचं, म्हातारा-म्हातारी भाजी खुडायला जातात.

हे सगळं मला माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सांगताना मला आडोसा राहणार नाही.

चार वर्षांमागं आमच्या चर्चची शंभरी आली. शंभरीचा दगड उभा करायचं ठरलं. कमिटी झाली. अध्यक्ष मेदोम सर, निवृत्त हेडमास्तर, आणि सेक्रेटरी मी. तारीख ठरली, पाहुण्यांना पत्रं गेली आणि दगडच सापडेना. तीन टोळ्या जंगलात जाऊन आल्या. एक दगड भेगाळलेला, एक नदीपलीकडचा, एक दुसऱ्या गावाच्या हद्दीतला. मेदोम सर रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहायचे.

"नेइकुओ, पाहुण्यांना काय दाखवायचं? सिमेंटचा खांब?"

आणि वर म्हणायचे, "जो दगड शोधेल त्याचं नाव दगडापाशी बसवायच्या फरशीवर कोरायचं, असं आपण ठरवलंच आहे."

एका संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "झुरा ओढ्याच्या वर एक आहे."

"कुणाचा?"

तिथं मी थांबू शकत होतो. मी म्हणालो, "कुणाचाच नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटा वर गेलो. कमिटी परवा बघायला येणार होती. कडं तिथंच होतं, प्रत्येक गोटा जागेवर. शेवाळ नुकतंच खरवडलेलं. मी मनाशी म्हणत होतो, मामा सत्तरीच्या पुढं गेला, गोठ्यात शेपूट नाही, मूलबाळ नाही. हा दगड इथंच पडून माती होणार. त्यापेक्षा देवाच्या कामी आला तर मामालाच बरं वाटेल. विचारलं तर तो हो म्हणेल, हेही मला ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नाही. तो हो म्हणाला असता तर फरशीवर त्याचं नाव आलं असतं.

मी एकेक गोटा उचलला आणि उताराखाली भिरकावला. गोटे कारवीसारख्या दाट झुडपांत पडत गेले. शेवटी गवताची गाठ खिशात घातली, आणि घरी येताना ती चुलीत टाकली.

कमिटीनं दगड पाहिला. मेदोम सरांनी मला मिठी मारली. मी म्हणालो, "मामाचं वय झालंय. त्यांना दोनदा चढ चढायला लावू नका. तोवर जागाही सांगू नका, नाहीतर एकटेच निघतील. ओढायच्या दिवशीच सरळ वर आणू." सरांना माझी काळजी फार आवडली.

खरं कारण वेगळं होतं. दगड जागचा हलवायला माणसं जमली की तो उभा राहीपर्यंत कुणी कुणाला टाकून बोलायचं नाही. केन्यू आहे, म्हणजे निषिद्ध. त्या दिवशी कडू शब्द निघाला तर दोर तुटतो आणि माणूस जातो, असं आम्ही मानतो. चर्चला जाणारेही मानतात. मामा तर हाडामांसानं मानायचा. त्या दिवशी तो काही बोलणार नाही, हे धरूनच मी चाललो होतो.

तो दिवस उजाडला. चारशे माणूस वर जमलं. काळ्या शाली, कंबरेला कवड्यांचे पट्टे. दुबेळक्याच्या लाकडाचं घसरगाडं तयार होतं. वेलींच्या दोरांबरोबर दोन नायलॉनचे दोरही आणले होते, त्यावरून थट्टा चालली होती. मामाचा जोडीदार पुन्यू, तोंडात एक दात राहिलेला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाळकसाहेब, झुथोची दारू न्हाई म्हणं आज? लाल चहावर दगड हलतोय व्हय? चहावर फकस्त माणूस हलतं, झाडामागं जायला!"

पाळकसाहेबही हसले. "पुन्यूकाका, प्रार्थनेवर हलेल."

"तुम्ही प्रार्थना करा, आम्ही वढतो. बघू कुणाला घाम येतोय."

तेवढ्यात मामा आला. नवी शाल, कानात शोभेचा पांढरा कापूस, हातात ललकारीची काठी. लोकांनी वाट दिली. तो हसत हसत पुढं आला आणि आल्डरच्या झाडांपाशी त्याचे पाय मंदावले. हसू तोंडावर तसंच राहिलं, बाकीचा चेहरा त्याच्या मागून निघून गेला.

त्यानं दगडापाशी येऊन पांढऱ्या शिरेवर हात ठेवला. मग खाली बघितलं. गोटे उचलले होते, पण त्यांच्याखालची माती इतक्या वर्षांत फिकी पडली होती. दगडाभोवती फिक्या ठिपक्यांचं कडं स्पष्ट दिसत होतं. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"कुणी सोधला ह्यो?" मामानं विचारलं.

"तुमच्याच भाच्यानं!" मेदोम सर म्हणाले.

"व्हय का." मामानं माझ्याकडं पाहिलं. "नजर चांगली हाय भाच्याची."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मामानं एक पान तोडून दगडावर ठेवलं. मग रीतीप्रमाणं चारशे माणसांसमोर विचारलं, "ज्यानं सोधला त्याला सपन काय पडलं? त्याबिगर मी हाक देत न्हाई."

मेदोम सर पुटपुटले, "अहो, आपण प्रार्थना केली आहे..."

"प्रार्थना तुमची. सपन दगडाचं. बोल भाच्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला काही स्वप्न पडलं नव्हतं. त्या दिवसांत मला झोपच नीट लागत नव्हती. खोटं रचायला वेळ नव्हता आणि चांगलं असं एकच स्वप्न मला ठाऊक होतं. ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाच कळलं नाही मी काय सांगतोय.

"वरच्या खाचरात पाणी शिरलं होतं," मी म्हणालो. "त्यात आजी उभी होती. पाय धूत होती. मला म्हणाली, ये, पाणी कोमट आहे."

माणसांत खुशीची कुजबूज झाली. पुन्यू मोठ्यानं म्हणाला, "लई झाक सपन! आता चहावर बी हलंल!"

मामाच्या हातातली काठी एकदा जमिनीवर टेकली गेली. त्यानं डोळे मिटले, उघडले. माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही.

"चांगलं सपन हाय," तो म्हणाला. "लावा खांदं."

आणि त्यानं हाक दिली. त्याच्या कितीतरी दगडांना मी तो आवाज ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता. लोक नंतर म्हणाले, म्हातारा त्या दिवशी तरुण झाला होता. मी पहिल्या दोरावर होतो. सेक्रेटरी म्हणून मानाची जागा. त्यामुळं सगळा रस्ता, ओढ्यापासून वेशीपर्यंत, मामा माझ्यासमोर दोन हात अंतरावर उलटा चालत होता. मला मान वर करवत नव्हती. खाली त्याचे पाय दिसायचे, बाहेर वळलेले, एकेक पाऊल मागं जाणारे. दगड ज्याचा होता तोच तो देवाच्या नावानं आणत होता, आणि मी त्याच्या पायांकडं बघत ओढत होतो.

शाळेपाशीच्या वळणावर दगड अडला. घसरगाड्याचा एक पाय चिखलात रुतला. चारशे माणसं टेकली, दगड ढिम्म. मला वाटलं, आता फुटणार सगळं. म्हातारी माणसं म्हणायला लागणार, कुणाच्या तरी मनात पाप आहे. दोन-तीन जण म्हणालेही. मामानं हात वर केला, दगडापाशी गेला, त्याच्या कानात बोलावं तसं शिरेवर तोंड टेकून काहीतरी बोलला. परत आला आणि हाक दिली. दगड निघाला.

काय बोलला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुपारी दगड वेशीजवळच्या खड्ड्यात उभा राहिला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, टाळ्या झाल्या, आणि मैदानात पंगती बसल्या. डुकराच्या मांसाचे हंडे, भाताचे ढीग, मिरची. मी वाढपात होतो. मामाच्या पानाशी गेलो आणि पळीतून मांस काढलं, तर त्यानं पानावर हात आडवा धरला.

"नगं."

"मामा, थोडं तरी."

"आज न्हाई खात मी."

शेजारी बसलेल्या विलानुओमामीनंही हात आडवा धरला. मामीनं मधल्या वेळात घरून आणलेला कोरडा भात दोघांनी पानात घेतला होता.

आमच्यात दगडाचा मालक आणि त्याची बायको त्या दिवशीचं मांस खात नाहीत. सगळ्यांना खाऊ घालतात, स्वतः कोरडा भात खातात. चर्चच्या दगडाला मालक कुठला? म्हणून हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मी तिथं पळी धरून उभा राहिलो. रस्सा पळीतून माझ्या पायावर ठिबकत होता.

मग मामीनं शालीआडून एक लहान मडकं काढलं. पांढरी, ताजी झुथो. ती उठली आणि दोर ओढलेल्या म्हाताऱ्यांना एकेक घोट पाजत गेली. पाळकसाहेबांनी तोंड दुसरीकडं वळवलं. पुन्यूनं घोट घेतला, ओठ पुसले आणि मामाच्या पानातल्या कोरड्या भाताकडं बघून म्हणाला, "आयला झासेखो, मांस खाईनास, दारू पाजतोस! जसा काय तुझाच दगड!"

सगळी पंगत हसली. मामाही हसला. "तर काय," म्हणाला, "एवढा वढलाय, आजच्या दिस माझाच."

परत हसू. पुन्यू माझ्याकडं वळला. "काय रं मास्तर, मामा का खाईना तुझा?"

बोलायची ती जागा होती. पळी माझ्या हातात होती, माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "मामाचं पोट बरं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या घरी गेलो. तो चुलीपाशी बसला होता. आवाज गेला होता. नुसती कुजबूज येत होती, आणि पुढं तो आवाज कधी परत आलाच नाही. मामी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मामा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"बस. चहा घे."

"दगड तुमचा आहे. रविवारी चर्चमध्ये उभा राहून मी सगळं सांगतो. फरशीवर तुमचं नाव घालतो."

मामानं गरम पाण्याचा घोट घेतला. मग एकेक शब्द ओढून काढत बोलला. "काय सांगशील? चारशे माणसांनी तुझ्या सपनावर खांदा लावला. आता म्हणशील सपन खोटं. मग ह्या साली कुणाच्या खाचरात कीड पडंल, कुणाचं लेकरू तापंल, त्यो म्हणंल, खोट्या दगडापायी झालं. आन् दगड पाडतील. पाडायचा का?"

"नाही."

"मग गप ऱ्हा."

मामानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"सपन मला खरंच पडलं व्हतं," तो म्हणाला. "दगड खऱ्या सपनावरच आलाय. सांगणारं तोंड तेवढं दुसरं व्हतं."

त्यानं मला शिवी द्यायला हवी होती. आईच्या भावाचा शाप आमच्याकडं सगळ्यांत वाईट. त्याची तयारी करून मी गेलो होतो. तो शाप मिळाला असता तर मी तो घेऊन घरी जाऊन रडलो असतो, आणि हिशेब मिटला असता.

उठताना मामीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "गोटं कुठं टाकलंस?"

"उताराखाली."

"लगीन झाल्याच्या दुसऱ्या साली वाहिलं व्हतं मी ते. नदीवरनं. कपाळाला टोपलीचा पट्टा लावून, तीन खेपा." एवढं बोलून ती पुन्हा पाखडायला लागली. मग सूप न थांबवता म्हणाली, "उत्तरंच्या अंगाला शेवाळ लवकर धरतंय त्याला. कापणी झाली की खरवडायचं. लोखंडानं न्हाई. बांबूच्या पातीनं."

फरशी कोरणारा आला तेव्हा मी त्याला शेवटच्या ओळीतलं नाव सोडायला सांगितलं. 'दगड शोधणारे' असं लिहिलंय, पुढं कोरं. मेदोम सरांना वाटलं, मी विनय करतोय. त्यांनी चर्चमध्ये त्याचंही कौतुक केलं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं.

मामा दुसऱ्या वर्षी गेला. मातीच्या दिवशी मी बैल आणला, मोठा आणला. लोक म्हणाले, भाचा असावा तर असा. मामीनं बैलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

दर कापणीनंतर मी बांबूची पात घेऊन दगडाचं शेवाळ खरवडतो. येणारे-जाणारे थांबतात. "मास्तर, तुमचा भारी जीव आहे हो दगडावर." मी मान हलवतो. या वर्षी गेलो तर दगडाच्या पायाशी ओल्या मातीत गोटे मांडलेले होते. नदीतले, गुळगुळीत. अर्धंच कडं झालं होतं, उत्तरेची बाजू मोकळी होती. मामी आता काठी टेकत चालते. नदी तिच्या घरापासून तासभर खाली आहे.

पुन्यू तिथंच उन्हाला बसला होता. म्हणाला, "पोरांनी मांडलं असंल. काढू का रं?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

चारशे माणसांसमोर जे बोलायचं होतं त्यातलं एवढंच माझ्या तोंडून निघालं. गुडघ्यावर बसून मी गोट्यांच्या आतून हात घातला आणि शेवाळ काढलं, एकाही गोट्याला धक्का न लावता. नदीवरून एखादी खेप आणावी असं फार मनात आलं. पण ते गोटे आणायचा हात माझा नव्हता.